जर्मन की स्लोव्हेनियन? बेळगावच्या उद्यमबागेत (कारखान्यांच्या वसाहतीत) नोकरी करत कुठली आधी धरू?

टूलरूम_उद्यमबाग
मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, सीएनसीवर काम. शाळा मराठी माध्यमाची, दहावीला संस्कृत होतं, कन्नड बोलता-वाचता येतं. कंपनीचं एक गिऱ्हाईक स्लोव्हेनियाचं आहे, म्हणून साहेबांचं म्हणणं तिकडची भाषा शीक. मित्र म्हणतात जर्मन सोडू नको. रोज तासभर मिळतो. कुठली धरू? दोन्ही एकदम जमतील काय? आणि व्याकरण कुठलं जास्त डोकं खातं?

शहापूरची_जर्मनवाली
बाहेर जाऊन नोकरी करायची असेल तर जर्मन, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. तिकडे आउसबिल्डुंग, म्हणजे कारखान्यात काम करत शिकायचं असेल, तर साधारण बी1 पातळी मागतात (भाषेच्या पातळ्या ए1, ए2, बी1, बी2 अशा चढत जातात). नर्सिंगला बी2. जून 2024 पासून जे संधी कार्ड (तिकडे जाऊन नोकरी शोधायची परवानगी) सुरू झालंय त्याला भाषेची किमान अट जर्मन ए1 किंवा इंग्रजी बी2 अशी आहे. बाकी अटी वेगळ्या, पण निदान दार उघडतं.

वेळेचा हिशेब: ए1 ला 45 मिनिटांचे 80 ते 200 तास, बी1 पर्यंत एकूण 350 ते 650, असा गोएथं इन्स्टिट्यूटचा (जर्मन शिकवणारी आणि परीक्षा घेणारी जर्मन संस्था) अंदाज. रोज तासभर खरोखर बसलात तर बी1 ला वर्ष-दीड वर्ष धरा. ‘तीन महिन्यांत बी1’ असा बोर्ड दिसला तर पुढं चला.

मराठी माणसाचं कुठं अडतं ते सांगते. तीन लिंगांची भीती नको, तो-ती-ते आपल्याकडे आहेच. घोळ होतो तो आपलं लिंग तिकडे चिकटवल्यामुळं. आपलं टेबल ‘ते’, त्यांचं पुल्लिंगी. आपला सूर्य ‘तो’, त्यांचा स्त्रीलिंगी. म्हणून नाम कधीही एकटं पाठ करू नका, आर्टिकल (डेर, डी, दास, म्हणजे लिंग दाखवणारा आधीचा शब्द) आणि अनेकवचन सोबत घ्या. तुमच्याच कामातलं उदाहरण: ‘डी मुटर’ म्हणजे नट, आणि आईसुद्धा. नट अनेक झाले की ‘मुटर्न’, आया अनेक झाल्या की ‘म्युटर’. अनेकवचन पाठ नसलं तर ऑर्डरमध्ये काय लिहाल? शब्दाच्या शेवटी -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्ट असेल तर स्त्रीलिंगी, -शेन असेल तर नपुंसक. एवढ्यावर बरीच नामं निभावतात.

दुसरी अडचण क्रियापदाची. मुख्य वाक्यात ते दुसऱ्या जागेवरून हलत नाही. वाक्य ‘आज’नं सुरू केलं की लगेच क्रियापद, मग ‘मी’: हॉयटं आर्बाइटं इख. आपली मुलं ‘हॉयटं इख आर्बाइटं’ म्हणतात आणि लेखीत गुण घालवतात. उलट ‘कारण’नं जोडलेल्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं, अगदी मराठीसारखं. तिथं इंग्रजी माध्यमवाल्यांपेक्षा तुमचं बरं चालेल. उच्चारात ‘त्सेट’ला (जर्मन झेडला) घाबरू नका, तो आपला चुलीतला च, चहातला नव्हे.

राकसकोप
स्लोव्हेनियनबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी लिहितो. बोलणारे जेमतेम 25 लाख. क्लास बेळगावात सोडाच, पुण्यातही मिळायचा नाही. पण तिथली राजधानी लिउब्लियानाच्या विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे (सूचना इंग्रजीत), आणि ‘फ्रान’ हा शब्दकोशांचा संच नेटवर मोफत.

व्याकरण जर्मनपेक्षा जड, हे सरळ सांगतो. जर्मनला चार विभक्त्या, इथं सहा, आणि प्रत्यय नामालाच लागतो. मात्र तुमचं संस्कृत इथं कामाला येईल, कारण या भाषेत द्विवचन जिवंत आहे. आम्ही दोघं काम करतो: देलावा. आम्ही सगळे: देलामो. गच्छावः, गच्छामः आठवलं का? बहुतेकांचा धीर इथंच सुटतो, तुमचा सुटायचं कारण नाही.

खरी मारामारी आकड्यांत आहे, आणि तुमचं काम तर नगांचं. कॉफी घ्या: एना कावा, द्वे कावि, त्रि कावे, पेत काउ. एकाला एकवचन, दोनाला द्विवचन, तीन-चाराला अनेकवचन, पाचापासून पुढं अनेकवचनाचीच दुसरी विभक्ती (तिकडच्या क्रमानं दुसरी, आपल्या हिशेबी षष्ठी). शंभर ओलांडले की 101 ला परत एकवचन, 102 ला परत द्विवचन! नकारातही तीच दुसरी विभक्ती डोकावते: वेळ आहे, इमाम चास, वेळ नाही, निमाम चासा.

भूतकाळात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं. पुरुष ‘देलाल’ लिहितो (शेवटच्या ल चा उच्चार उ, म्हणजे ‘देलाउ’), बाई ‘देलाला’. आपल्याकडच्या बायका बिनधास्त ‘मी गेलो’ म्हणतात, तसं तिथं चालायचं नाही.

निपाणीकर
साहेबांना आधी विचारा, गिऱ्हाईक पत्रव्यवहार कुठल्या भाषेत करतंय. इंग्रजीत चालत असेल तर स्लोव्हेनियनमध्ये नमस्कार, आभार आणि आकडे एवढं पुरे.

टूलरूम_उद्यमबाग
मेल इंग्रजीतच असतात. मग आधी जर्मन, बरोबर? पण स्लोव्हेनियन थोडी थोडी बाजूला चालू ठेवली तर?

राकसकोप
बी1 होईपर्यंत नको. लिपी एकच, रोमन, पण अक्षरांचे आवाज वेगळे. जर्मनचा झेड म्हणजे त्स. स्लोव्हेनियनचा झेड इंग्रजीतल्यासारखा आणि त्स साठी सी. दोन्ही कच्च्या असताना वाचनाचा पार चिवडा होतो. सोय मात्र दोन्हीकडे एक आहे. 21 म्हणताना एक आधी, वीस नंतर, आपल्या एकवीससारखं. कन्नडच्या ‘इप्पत्तोंदु’सारखा क्रम नाही.

आणि जर्मन वाया जाणार नाही. स्लोव्हेनिया 1918 पर्यंत ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या राज्यात होता, त्यामुळं वर्कशॉपमधली बोली जर्मन शब्दांनी भरलेली आहे. स्क्रू म्हणजे ‘श्राफ’, स्क्रू-ड्रायव्हर म्हणजे ‘श्राउफेन्त्सिगर’. पुस्तकात मात्र स्क्रू-ड्रायव्हरला ‘इझ्वियाच’ सापडेल. शिवाय ऑस्ट्रियाच्या दक्षिणेला केर्न्टनमध्ये दोन्ही भाषांची गावं आहेत. तिथं गावाच्या पाट्या कुठल्या भाषेत लावायच्या यावर 1955 च्या करारानंतरही वाद चालला, 2011 मध्ये 164 दुभाषी पाट्यांवर तडजोड झाली. पाट्यांचं राजकारण आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

शहापूरची_जर्मनवाली
परीक्षेचं राहिलं. गोएथंची परीक्षा पुण्याला मॅक्स म्युलर भवनात (गोएथंचं इथलं नाव) किंवा बंगळूरला. तारखा लागल्या की जागा लवकर भरतात, नाव लगेच नोंदवा. ए1 ला 100 पैकी 60 लागतात: ऐकणं, वाचन, लेखन आणि गटात बोलणं. लेखनात एक फॉर्म भरायचा आणि साधारण 30 शब्दांचा निरोप लिहायचा. दिलेल्या तीन मुद्द्यांपैकी एक राहिला की गुण गेले. बी1 चे चार भाग सुटे देता येतात. एखादा गेला तर तेवढाच परत द्यायचा, फी पण तेवढीच.