मदत हवी आहे: गायकाच्या पाठीमागे बसणाऱ्यांना शब्द कसे ऐकू येतील?

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, १२०० आसनांचा कॉन्सर्ट हॉल. वाद्यवृंद मधोमध, चहूबाजूंनी टप्प्याटप्प्यांनी चढत जाणारे श्रोते. वास्तुकार हान्स शारून यांच्या बर्लिन फिलहार्मोनी या सभागृहासारखं (१९६३). व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनसारखा (१८७०) अरुंद, लांबट हॉल सोपा पडला असता, बाजूच्या भिंतीच आवाज परतवतात. पण श्रोत्यांनी एकमेकांचे चेहरे बघत ऐकावं, हे मला सोडायचं नाहीये.

घोडं अडलंय गायकापाशी. व्यंजनं ज्यावर कळतात ती उंच कंप्रता तोंडाच्या दिशेनेच जाते. मागच्यांना नुसती पाठ!

मंचावर परावर्तक (आवाज परतवणारे फलक) टांगून पाहिले, टप्प्यांच्या दर्शनी भिंती दीड मीटर उंच केल्या. पुठ्ठ्याच्या मॉडेलमध्ये आरशाचे तुकडे चिकटवून लेझर फिरवला (हात पार चिकट झाले): पुढे छान, मागे जेमतेम एक-दोन किरण.

निनादकाळ (आवाज थांबल्यावर घुमत विरून जायला लागणारा वेळ) साधारण २ सेकंद हवा. स्पीकर नकोत, मागच्या जागाही काढायच्या नाहीत. सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर नाही.

तर परावर्तक आणखी खाली आणू, की गायकासमोरच्या टप्प्याची भिंत तिरपी करून आवाज मागे पाठवू? आणि भिंत वापरली, तर प्रतिध्वनी सुटा ऐकू न येता ती गायकापासून जास्तीत जास्त किती अंतरावर चालेल?