जुनं वर्ष किती आठवतं? चाचणी कशी काढता, कशी तपासता : अनुभव धागा

कोजागिरीला, मंडळाच्या कार्यक्रमात, सोसायटीच्या गच्चीवर हा खेळ आता नागपुरात बराच चालतो. एक जुनं वर्ष घ्यायचं आणि त्या वर्षीच्या बातम्या, खेळ, सिनेमा, साहित्य किती डोक्यात उरलंय ते बघायचं. प्रश्नपत्रिका मात्र नीट काढलेली क्वचितच दिसते. ज्यांनी अशा चाचण्या काढल्या-तपासल्या, त्यांनी नेमकं लिहावं. आपापल्या आठवणी नकोत, कृती हवी. उदाहरणाला सगळ्यांनी २००८ धरा, म्हणजे एकमेकांचं ताडून बघता येईल.

धंतोलीकर

वर्ष असं निवडा की सगळ्यात लहान खेळाडू तेव्हा निदान १२ वर्षांचा असेल. साधारण पंधरा ते पंचवीस या वयातलं माणसाला जास्त दाट आठवतं, त्यामुळे २००८ घेतलं की आजचे चाळिशीच्या आसपासचे पुढे जातात आणि सत्तरीतले उगाच खट्टू होतात. गट वय मिसळून पाडा.

चाचणी तीन टप्प्यांत घ्या. आधी कोरा कागद, १० मिनिटं, आठवेल ते लिहा. मग बारा महिन्यांची नावं द्या, आणखी १० मिनिटं. प्रश्नपत्रिका शेवटी. क्रम उलटा केला की प्रश्नच उत्तरं फोडतात. पहिल्या टप्प्याला निळं पेन, दुसऱ्याला लाल. निळ्या नोंदीला २ गुण, लाल नोंदीला १. पेन बदलायला लावलं नाही तर तपासताना कोणतं कधी लिहिलं ते कळत नाही.

महालातला

‘अमुक झालं का?’ असं विचारून काही मोजलं जात नाही. नाव ऐकलं की सगळेच मान डोलावतात. खरी परीक्षा क्रम लावण्यात आहे. पाच घटना उलटसुलट द्या: चांद्रयान-१ चं उड्डाण, अभिनव बिंद्राचं ऑलिम्पिक सुवर्ण, मुंबईवरचा हल्ला, अमेरिकेतल्या लेहमन ब्रदर्स बँकेची दिवाळखोरी, जामठ्याची (नागपूरचं नवं क्रिकेट स्टेडियम) पहिली कसोटी. बरोबर क्रम : बिंद्रा (११ ऑगस्ट), लेहमन (१५ सप्टेंबर), चांद्रयान (२२ ऑक्टोबर), जामठा (६ नोव्हेंबरपासून), मुंबई (२६ नोव्हेंबर).

पाचही बरोबर आले तरच गुण, असा नियम केला तर बहुतेकांच्या पदरी भोपळा. त्यापेक्षा जोड्या मोजा. पाच घटनांच्या १० जोड्या होतात. ‘हे आधी, ते नंतर’ बरोबर असलेल्या प्रत्येक जोडीला एक गुण. नुसत्या अंदाजाने सरासरी ५ पडतात, म्हणून ५ च्या आसपास असेल तर काहीच आठवलं नाही असं समजा.

इतवारी लाइन

महिना विचारला की लोक अडतात, सण विचारला की सुटतात. ‘दिवाळीच्या आधी की नंतर’ असे प्रश्न ठेवा. २००८ चं लक्ष्मीपूजन २८ ऑक्टोबरला, म्हणजे चांद्रयान दिवाळीच्या तोंडावर आणि जामठा दिवाळीनंतर. लेहमनची बातमी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची.

पण पंचांग हाताशी हवंच. गणेश चतुर्थी २००७ ला १५ सप्टेंबर (त्या वर्षी अधिक ज्येष्ठ), २००८ ला ३ सप्टेंबर, २००९ ला २३ ऑगस्ट. शेजारच्या वर्षाचा सण डोक्यात ठेवून प्रश्न काढला की उत्तरपत्रिकाच चुकते, आणि मग स्टेजवर भांडण.

आपल्याकडे एक जादा साधन आहे : मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या मिरवणुकीत निघणाऱ्या बडग्यांवर (पुतळ्यांवर) त्या त्या वर्षीचा राग लिहिलेला असतो. महागाई, भ्रष्टाचार, जे काही शहराला त्या साली खुपत असेल ते. पुढच्या दिवशीच्या पेपरातले बडग्यांचे फोटो काढून ‘ही पाटी कोणत्या साली’ एवढंच विचारा. स्थानिक फेरीला याहून चांगलं काही सापडायचं नाही.

रामदासपेठ, माजी उपसंपादक

तारीख पेपरातून उतरवताना तीन जागी गफलत होते. एक, अंकाची तारीख घटनेच्या दुसऱ्या दिवसाची असते. दोन, डाक आवृत्ती (बाहेरगावी जाणारी) लवकर छापली जाते, त्यामुळे रात्री उशिराची घटना तिच्यात आणखी एक दिवस उशिरा येते. फाइल शहर आवृत्तीचीच मागा. तीन, दिवाळीसारख्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही आणि दोन दिवसांच्या बातम्या एकत्र येतात.

ओबामांच्या निवडीचं बघा. मतदान ४ नोव्हेंबरला, आपल्याकडे निकाल ५ च्या सकाळी, पेपरात ६ ला. ‘कोणत्या तारखेला निवडून आले’ असं विचारलं तर तिन्ही उत्तरांचे वकील उभे राहतात. ‘मतदान कोणत्या तारखेला’ असं विचारा.

तसाच दुसरा फसवा प्रश्न : ‘डिसेंबर २००८ मध्ये मुख्यमंत्री कोण?’ महिन्याच्या सुरुवातीला विलासराव देशमुख होते; अशोक चव्हाणांचा शपथविधी ८ डिसेंबरचा. दोन्ही उत्तरं बरोबर, म्हणजे प्रश्न बाद. आणि खटल्यांच्या बाबतीत घटना आणि निकाल वेगळे ठेवा. खैरलांजी हत्याकांड २००६ चं, सत्र न्यायालयाचा निकाल २००८ चा.

प्रतापनगर

साहित्य-सिनेमाची फेरी घेणार असाल तर आधी नियम लिहून चिकटवा : साल कशाचं धरायचं? पुरस्कार ज्या वर्षासाठी, जाहीर झाला ते, की हातात पडला ते? ज्ञानपीठात हा घोळ हमखास होतो. विंदा करंदीकरांचं ज्ञानपीठ २००३ सालचं, जाहीर झालं २००६ मध्ये. भालचंद्र नेमाड्यांचं २०१४ चं, जाहीर २०१५ मध्ये. भीमसेन जोशींना भारतरत्न जाहीर झालं नोव्हेंबर २००८ मध्ये, प्रदान २००९ मध्ये. आम्ही ‘जाहीर झाल्याचं साल’ धरतो, कारण लोकांना बातमी आठवते, समारंभ नाही.

निधनवार्ता सरळ असतात, तारीख एकच. २००८ साठी बाबा आमटे (९ फेब्रुवारी) आणि विजय तेंडुलकर (१९ मे) पुरेत. यापेक्षा जास्त घेतल्या तर फेरीचं सुतक होतं.

हिंगणा टी-पॉइंट

क्रिकेटमध्ये ‘नागपूरचं व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) स्टेडियम’ एवढंच लिहू नका राजेहो, लोक इथेच फसून राहिले. सिव्हिल लाइन्सचं जुनं वेगळं, जामठ्याचं नवं वेगळं. जामठ्याची पहिली कसोटी २००८ ची, पण पहिला एकदिवसीय सामना २००९ चा. त्या एका कसोटीतून अख्खी फेरी निघते : गांगुलीची शेवटची, लक्ष्मणची शंभरावी, मुरली विजयची आणि ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझाची पहिली. कुंबळेची शेवटची कोणती असंही विचारा. बरेच जण जामठाच म्हणतात. ती त्याच्या आधीची, दिल्लीची.

चुकीचे पर्याय शेजारच्या वर्षांतून उचला. ‘यातलं २००८ मध्ये काय झालं नाही?’ याखाली धोनीच्या संघाचा टी-ट्वेंटी विश्वचषक टाका. तो सप्टेंबर २००७ चा, पण आयपीएलची सुरुवात एप्रिल २००८ ची असल्याने दोन्ही डोक्यात एकाच साली बसलेले असतात.

धंतोलीकर

चार पर्याय असले तर चुकीला एकतृतीयांश गुण कापा, मगच अंदाजपंचे शून्यावर येतो. शिवाय प्रत्येक उत्तरापुढे खात्रीचा रकाना ठेवा : १ अंदाज, २ बहुतेक, ३ पक्कं. शेवटी फक्त ‘३’ वाली उत्तरं वेगळी तपासा. धक्कादायक घटनांच्या तपशिलात ‘पक्कं’ म्हणणारेही घसरतात. मुंबईवरचा हल्ला २६ ला सुरू झाला हे सगळे सांगतात. संपला २९ च्या सकाळी, तिथे कुणी २७ लिहितं, कुणी २८.

महालातला

@धंतोलीकर, रकाना उत्तम, पण त्याचे गुण देऊ नका. दिले की सगळे मुद्दाम ‘१’ लिहितात.

मानेवाडा रिंगरोड

बरोबरी सुटायला नाणं उडवू नका. एक आकड्याचा प्रश्न राखून ठेवा, जवळचा जिंकला. आमचा ठरलेला : क्रेझाने जामठ्याला १२ बळी घेताना दोन्ही डावांत मिळून किती धावा दिल्या? उत्तर ३५८. आकडा सेकंदात मागू नका, अर्धा मिनिट द्या आणि कागदावर लिहून घ्या. तोंडी विचारलं तर दुसरा पहिल्याच्या आकड्यात एक मिळवून सांगतो.