मदत हवी आहे: लायपेज सिलिकावर बसतंय, पण चालत नाही
नमस्कार मंडळी. लातूरच्या सोयाबीन तेलाच्या जलअपघटनासाठी (पाण्याने तेलाचे रेणू तोडण्यासाठी) लायपेज हे मेद तोडणारं एन्झाइम सच्छिद्र सिलिकावर बसवतोय. छिद्रं 10 नॅनोमीटर, कण 0.3 मिमी. आधी एपीटीईएस (सिलिकावर अमाइन गट बसवणारं रसायन), मग 2% ग्लुटराल्डिहाइड (त्या गटांना एन्झाइम जोडणारा दुवा) तासभर, भरपूर धुणं, शेवटी पीएच 7 च्या फॉस्फेट बफरमध्ये 4 अंशांवर रात्रभर एन्झाइम. (ट्रिस बफर नको, त्याचा अमाइन गटच ग्लुटराल्डिहाइड खातो.) वरच्या द्रवात प्रथिन जेमतेम 10% उरतं, तरी क्रियाशीलता मुक्त एन्झाइमच्या पाचवा हिस्साच. ढवळण्याचा वेग वाढवून फरक नाही, कण कुटले की मात्र वाढते. म्हणजे छिद्रांतलं विसरणच (रेणूंचं आत-बाहेर सरकणं) आडवं येतंय. आता 30 नॅनोमीटरची छिद्रं घ्यावीत, की कण 0.1 मिमीचे? बारीक कणांनी कॉलम (कण भरलेली नळी) तुंबतो, हे धरून सांगा. ऑक्टाइल सिलिकावर (आठ कार्बनच्या तेलकट साखळ्या लावलेल्या सिलिकावर) नुसतं अधिशोषण, म्हणजे रासायनिक बंधाशिवाय एन्झाइम चिकटवणं, कुणी केलंय का? साबण तयार झाल्यावर असं चिकटवलेलं एन्झाइम सुटतं का?