प्रतिसाद: जन्मगाव नव्हे, मूळगाव शोधा

पूर्वजांचं जन्मगाव कळलं की स्विस नोंदी सापडतात, असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. ते तितकंसं खरं नाही. तिथे १९२९ पासून कुटुंबाची नोंदवही ठेवली ती मूळगावी, म्हणजे हायमाटॉर्टला: घराण्याचं नागरिकत्व ज्या गावचं, ते गाव; ते पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येतं. आमच्या मावशीचे यजमान जन्मले बाझेलला, पण पासपोर्टवर गाव आहे ग्लारुस कँटनमधलं (कँटन म्हणजे तिथलं राज्य). तिथे त्यांचे आजोबाही कधी राहिले नव्हते! १९६२ मध्ये ज्या घराण्यांकडे स्विस नागरिकत्व होतं, त्यांची आडनावं मूळगावासकट इंटरनेटवर फुकट शोधता येतात. सुरुवात तिथून करा.

आणि परदेशात जन्मलेल्या, दुसरं नागरिकत्व असलेल्या मुलाची स्विस नोंद पंचविशीच्या आत झाली नाही, तर स्विस नागरिकत्व जातं. मावसबहिणीला पुण्यात मुलगा झाला तेव्हा फॅमिली ग्रुपवर पेढ्यांच्या आधी मावशीचा मेसेज: "वकिलातीत कळवलंस का गं?"