प्लाझ्मा आयोला मागून काहून धडकतो?

धरमपेठचा_पोट्टा: रमण सायन्सच्या तारांगणातून आलो अन् डोक्यात किडा शिरला. गुरूचा चंद्र आयो पुढं पळतो, मग प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) समोरून लागायला पाहिजे ना?

गुरूभक्त: नाही भाऊ, आयो जातो सेकंदाला १७ किमीनं, पण गुरू १० तासात गिरकी घेतो अन् त्याचं चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला सोबत ओढतं, तो पळतो ७४ किमीनं. वर्धा रोडवर तू सायकलवर अन् मागून ट्रॅव्हल्स, तसं.

तारेवाला: अन् मजा म्हणजे तो प्लाझ्मा बराचसा आयोच्याच ज्वालामुखींचा माल, सेकंदाला साधारण १ टन सल्फर-ऑक्सिजन. धडकला की चुंबकीय क्षेत्ररेषांवरून आल्फवेन लहरी (ताणलेली दोरी हलवल्यावर जातात तशा) जातात, गुरूच्या ध्रुवाजवळ ठिपका चमकतो. गुरूकडून येणाऱ्या रेडिओ स्फोटांचं आयोशी नातं बिग नावाच्या शास्त्रज्ञानं १९६४ लाच पकडलं.

धरमपेठचा_पोट्टा: गुरूचा दुसरा चंद्र गॅनिमीड, त्याचं पण असंच?

तारेवाला: त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे बे, वेगळा धागा काढ.