फोंड्यात गाळा भाड्याने घेताना अकरा महिन्यांचा करार पुरेसा आहे का?

मसालेवाली, फोंडा
नमस्कार. मी घरून मसाले, लोणची आणि चतुर्थीच्या दिवसांत नेवऱ्या करून विकते. आता फोंड्यात एका राहत्या घराच्या पुढच्या भागाला शटर लावून काढलेला गाळा पाहिला आहे. मालकांचे वडील वारले असून घरपट्टी अजून त्यांच्याच नावे येते. मालक अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार (जागा फक्त वापरण्याच्या परवानगीचा करार) करायला तयार आहेत आणि पुढे वाढवत जाऊ, असे तोंडी सांगतात. मला मात्र ओटा, मांडण्या आणि दळण्याचे यंत्र यांवर बराच खर्च करावा लागेल. एवढ्या कराराच्या भरवशावर तो करावा का?

करारनामे पाहणारा, मडगाव
ताई, आधी गाळा देण्याचा अधिकार कोणाला आहे ते पाहा. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. जमिनीचा नमुना १ व १४ (कब्जेदारांची नावे असलेला उतारा) मागा आणि वडिलांच्या पश्चात वारस ठरवून इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्तेची वाटणी करण्याची न्यायालयीन प्रक्रिया, झाली आहे का, ते विचारा. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यानुसार बहुतेक विवाहांत पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. त्यामुळे आईचा अर्धा हिस्सा उरतोच, शिवाय भावंडांबरोबर त्यांच्या जोडीदारांचाही संबंध येतो. एकट्या मुलाच्या सहीवर विसंबून यंत्र बसवू नका.

अकरा महिन्यांची प्रथा पडली, ती एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायदा, १९०८ नुसार नोंदवावा लागतो म्हणून. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च वाचतो खरा, पण लायसन्समुळे जागेत तुमचा हक्क निर्माण होत नाही, आणि तोंडी आश्वासनाला तर काहीच वजन नाही. तीन किंवा पाच वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा मागा. त्यात दरवर्षीची भाडेवाढ, अनामत परत करण्याची मुदत आणि यंत्र व मांडण्या काढून नेण्याचा तुमचा हक्क स्पष्ट लिहून घ्या.

किराणा दुकानदार, म्हापसा
वरील सल्ला योग्य आहे, परंतु नव्या धंद्याने पाच वर्षे बांधून घेऊ नये असे माझे मत आहे. भाडेपट्टा तीन वर्षांचा करा आणि लवकर सोडण्याची मुभा फक्त भाडेकरूला ठेवा. मालक खळखळ करतील, पण मागून पाहायला हरकत नाही.

राहत्या घराचा भाग असल्याने वीजजोडणी घरगुती असण्याची शक्यता मोठी आहे. तशा जोडणीवर दुकान चालवल्यास वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, म्हणून व्यापारी जोडणी आणि यंत्राला पुरेल एवढा भार मंजूर करून घेण्याचे काम कोणाचे, ते करारातच ठरवा. या भागाला दुकान म्हणून मंजुरी आहे का, हे ऑक्युपन्सी दाखल्यावर (इमारत वापरण्याच्या परवानगीच्या दाखल्यावर) तपासा. व्यवसाय परवान्याच्या वेळी त्यावरूनच अडचण येते. अन्न परवानाही जागेशी बांधलेला असतो. आणि शक्य असल्यास गाळा पावसात एकदा पाहा, कारण ओल आली की मसाला गेलाच.

मसालेवाली, फोंडा
दोघांचेही आभार. चौकशी केली, इन्व्हेंटरी झालेली नाही. आई आणि इथली भावंडे सही द्यायला तयार आहेत, पण एक भाऊ सपत्नीक आखातात असतो. त्यांच्या सह्या कशा घ्याव्यात?

करारनामे पाहणारा, मडगाव
दोघांनीही तेथील भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र पाठवावे. ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. त्यात भाडेपट्ट्यावर सही करण्याचा आणि तो नोंदवण्याचा अधिकार शब्दशः लिहिलेला हवा, आणि ते हाती येईपर्यंत अनामत देऊ नका.