आरएक्स १००: तुटपुंज्या पैशांत बोर करायचा की रिंगांवर भागवायचं?

राजारामपुरीकर:
वडिलांची १९९२ ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आठ वर्षं पत्र्याखाली उभी होती. हातात सहा हजार. एका मिस्त्रीनं "पिस्टनच्या रिंगा नव्या टाक, पळंल" म्हणून सांगितलं. पंधरा दिवस पळाली, मग किकला जोरच लागेना. ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते नळकांडं) उतरवला तर सायलेन्सरकडच्या बाजूला पिस्टनवर उभे ओरखडे आणि ब्लॉकमध्ये नखाला अडकंल अशी पायरी. अशा झिजलेल्या ब्लॉकमध्ये नवी रिंग बसणार कशी? माझं स्पष्ट मत: टाकी, क्रोम, सीट सगळं राहू दे. सगळा पैसा बोरिंग (ब्लॉक आतनं कातून थोडा मोठा करणं) आणि त्यात बसणाऱ्या ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाच्या, पिस्टनवर घाला.

लेथवाला, उद्यमनगर:
भावा, मला नाही पटत. बोरात काढलेलं लोखंड परत येत नाही. मूळ बोर, म्हणजे ब्लॉकचं आतलं भोक, ५० मिमीचा. पुढचे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरनं मोठे होत जातात आणि एक मिलिमीटरला ही वाढ थांबते. मग ब्लॉकला नवा स्लीव्ह, म्हणजे आतलं लोखंडी अस्तर. तुझ्या ब्लॉकचं किती आयुष्य खर्ची पडलंय ते आधी बघ. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन घास, पिस्टन मूळ मापापेक्षा किती मोठा आहे तो आकडा कोरलेला असतोय. आणि पिस्टन धरला, म्हणजे ब्लॉकला घासून अडकला, का? मॅग्नेटोकडचा (वीज तयार करणाऱ्या भागाकडचा) ऑइल सील कडक झाला की तिथनं हवा ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापून धरतो. सील तसाच ठेवून बोर मारलास तर नवा पिस्टनबी जाईल.

बावड्याची:
दादा, दोघंही मोजायच्या आधीच भांडताय. मी माझ्या गाडीची रिंग एकटीच ब्लॉकमध्ये घातली, पिस्टननं सरळ ढकलली आणि रिंगेच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं (फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली. एकदा वर, एकदा पोर्टच्या (ब्लॉकमधल्या वायू आत-बाहेर जायच्या भोकांच्या) खाली. दोन्हीकडं सारखीच आली, म्हणून बोर केला नाही. नुसत्या रिंगांवर चार वर्षं गाडी पळतेय.

शाहूपुरी:
एवढा जीव कशाला काढताय? आरएक्स १०० १९९६ ला बंद होऊन किती वर्षं झाली. आहे तशी विकून टाक, हौशी माणूस उचलून नेईल.

राजारामपुरीकर:
विकणार नाही. याच गाडीवर पुढं टाकीवर बसून मी शाळेला गेलोय.
ताई, फट मोजली. वर ठीक, पोर्टपाशी जवळजवळ दुप्पट. म्हणजे माझ्या ब्लॉकला बोर लागणारच, इथं मी हटत नाही. पण दादा, कार्बन घासल्यावर डोक्यावर "५०" निघालं, म्हणजे पिस्टन अर्धा मिलिमीटर मोठा. दोन पायऱ्या आधीच गेल्यात. सीलचा तर विचारच केला नव्हता; मॅग्नेट काढलं, सीलची कड नखानं दाबली तर तुकडाच पडला.

लेथवाला, उद्यमनगर:
मग ७५ चा (पाऊण मिलिमीटर मोठा) पिस्टन घे, पण तो हातात आल्याशिवाय ब्लॉकला हात लावू देऊ नको. आकडा तोच असला तरी पिस्टन-पिस्टनमध्ये फरक असतोय. पिस्टन मोजायचा, मगच बोर. आणि क्लचकडचा सीलबी बघ. गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत असंल आणि पांढरा धूर निघत असंल, तर तोबी गेलाय.

राजारामपुरीकर:
ऑइल कमी होतंयच. सोमवारी ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही घेऊन येतो.